महामार्ग-आच्छादन व नागरी हवा

महामार्ग-आच्छादन : शहरातून जाणारा जलद वाहतुकीचा रस्ता पूर्णतः किंवा अंशतः छताखाली घेण्याच्या रचनेस ही संज्ञा लावतात. रस्त्याने दुभंगलेल्या वस्त्या पुन्हा जोडणे, गोंगाट कमी करणे, महाग जमिनीचा दुहेरी उपयोग करणे आणि रहिवाशांना वाहनांच्या धुरापासून दूर ठेवणे, हे आच्छादनाचे प्रमुख हेतू होत. यांपैकी पहिले तीन बव्हंशी साध्य होतात. चौथ्याचे तसे नाही. छत ध्वनी अडविते, परंतु धूर नाहीसा करीत नाही; वाहनांतून निघालेल्या वायूंना कोठून तरी वाट द्यावीच लागते. त्यामुळे आच्छादनाने हवा सुधारली की नाही, हे छताखालील हवा कोठे, किती उंचीवर आणि किती विरळ करून सोडली जाते यावर अवलंबून असते. या प्रश्नाचा इतिहास सु. शंभर वर्षांचा असून मुंबई महानगर प्रदेशात तो एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निकडीचा झाला आहे.

प्रकार : आच्छादित रस्त्यांचे रचनेनुसार चार प्रकार पडतात. (१) खोलगट चरातून जाणाऱ्या रस्त्यावर काँक्रीटचे छत टाकून त्यावर उद्यान किंवा इमारती उभारणे. (२) जमीन खोदून रस्ता बांधणे व वरून पुन्हा झाकणे. यातून पेटीच्या आकाराचा बोगदा तयार होतो. (३) खडकातून किंवा मृदेतून यंत्राने पाडलेला खोल बोगदा [⟶ बोगदा]. (४) अस्तित्वात असलेल्या रस्त्यावरून उड्डाणपूल किंवा उन्नत लोहमार्ग नेल्यामुळे खालच्या रस्त्यावर आपोआप पडलेले छत. पहिल्या तीन प्रकारांत आच्छादन हेतुपुरस्सर केलेले असते व त्यात हवा खेळविण्याची सोय मूळ आराखड्यातच असते. चौथ्या प्रकारात छत हा दुसऱ्याच कामाचा आनुषंगिक परिणाम असतो. त्यामुळे त्याखालच्या हवेचा विचार सहसा कोणाच्याही आराखड्यात आढळत नाही. मुंबईतील आच्छादित रस्ते प्रदीर्घ काळ मुख्यतः या चौथ्या प्रकारचे होते.

शास्त्रीय पार्श्वभूमी : पेट्रोल व डीझेल एंजिनांच्या निष्कासात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे, अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने आणि काजळीचे सूक्ष्मकण असतात. ब्रेक, टायर व रस्त्याचा पृष्ठभाग झिजून निर्माण होणारी धूळ यांत मिसळते. ही धूळ विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळेही निर्माण होते. उघड्या रस्त्यावर वारा व वाहनांनी निर्माण केलेले भोवरे या मिश्रणास चोहोबाजूंस पसरवितात. रस्त्यापासून दूर जावे तसे प्रदूषकांचे प्रमाण घटत जाते. अ. सं. सं. मधील हेल्थ इफेक्ट्‌स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, मोठ्या रस्त्यांपासून सु. ३०० ते ५०० मी.पर्यंतचा पट्टा वाहतुकीच्या धुराने सर्वाधिक बाधित होणारा मानला आहे. डीझेलच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोगजनक असलेल्या पदार्थांच्या वर्गात केला.

रस्त्यावर छत आले म्हणजे हे पसरणे थांबते. एकाच दिशेने धावणारी वाहने नळीतील दट्ट्याप्रमाणे आपल्यापुढील हवा ढकलतात व आत साठलेली प्रदूषके बाहेर पडण्याच्या मुखाशी झोताच्या रूपाने येतात. उघड्या रस्त्यावर एक-दोन किमी. लांबीत विखुरला गेला असता तो धूर आता एका ठिकाणी सुटतो. आच्छादित भागाच्या दुतर्फा राहणाऱ्यांस त्यामुळे खरोखरीचा लाभ होतो, मात्र मुखालगतच्या शे-दोनशे मीटरांतील रहिवाशांचा वाटा वाढतो. वाहतूक अडली की दट्ट्याचा परिणाम थांबतो आणि धुराची निर्मिती चालूच राहिल्याने आतील हवा झपाट्याने बिघडते.

हवा खेळविण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. अनुदैर्घ्य पद्धतीत हवा बोगद्याच्या लांबीच्या दिशेने वाहती ठेवतात. त्यासाठी छताला टांगलेले झोतपंखे किंवा मुखाशी बसविलेले प्रोथ वापरतात. अनुप्रस्थ पद्धतीत रस्त्याच्या समांतर असलेल्या वाहिन्यांतून ताजी हवा आत सोडून दूषित हवा सर्व लांबीवर शोषून घेतात व मनोऱ्यातून उंचावर सोडतात. दुसरी पद्धत खर्चिक आहे. पहिल्या पद्धतीत, मुखापूर्वी हवा शोषून घेण्याची सोय नसल्यास, सर्व भार मुखावर पडतो. कोणती पद्धत निवडली आहे यावरून बोगद्याच्या मुखाशी राहणाऱ्यांच्या वाट्यास काय येणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

इतिहास : मोटारींच्या धुराचा बंदिस्त जागेतील धोका प्रथम ठळकपणे दिसला तो पिट्सबर्ग येथे. तेथील लिबर्टी बोगदे १९२४ च्या जानेवारीत वाहतुकीस खुले झाले, त्या वेळी त्यांतील वायुवीजन-यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती. त्याच वर्षी १० मे रोजी ट्राम कामगारांच्या संपामुळे मोटारींची गर्दी उसळली, बोगद्यात वाहने अडकून पडली आणि कार्बन मोनॉक्साइडामुळे अनेक जण बेशुद्ध झाले. याच सुमारास न्यूयॉर्क येथे हडसन नदीखालून सु. २·६ किमी. लांबीचा हॉलंड बोगदा बांधला जात होता. त्याचा मुख्य अभियंता क्लिफर्ड मिलबर्न हॉलंड (१८८३–१९२४) काम पूर्ण होण्यापूर्वीच वारला. वायुवीजनाची रचना ओले सिंगस्टाड याने सिद्धीस नेली. माणूस किती कार्बन मोनॉक्साइड सहन करू शकतो, यासंबंधी येल विद्यापीठातील शरीरक्रियावैज्ञानिक यँडेल हेंडरसन यांनी प्रयोग केले व हवेच्या दहा हजार भागांत चार भाग ही मर्यादा आराखड्यासाठी धरण्यात आली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी खुल्या झालेल्या या बोगद्यात चार वायुवीजन-इमारतींतील ८४ पंखे सु. दीड मिनिटात आतील सर्व हवा बदलीत. येथून पुढे बोगद्यातून जाणाऱ्या प्रवाशाची सुरक्षितता हा अभियांत्रिकीचा सुटलेला प्रश्न ठरला. बाहेर राहणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र अजून मांडला गेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांतून रुंद महामार्ग काढण्यात आले. त्यांनी वस्त्या तोडल्याने रस्त्यावरील मोकळ्या अवकाशाचा वापर करण्याची कल्पना पुढे आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन हाइट्स भागात १९५० मध्ये महामार्गाच्या वर पुढे झुकलेला फिरण्याचा सज्जा बांधण्यात आला. त्याच शहरात जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या, चरातून नेलेल्या ट्रान्स-मॅनहॅटन द्रुतगती मार्गावर १९६४ च्या सुमारास ३२ मजली चार निवासी मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांखाली रस्ता झाकलेला व मधल्या जागांत उघडा, अशी ही रचना होती. परिणामी झाकलेल्या भागातील धूर त्या फटींतून रहिवाशांच्या खिडक्यांलगतच वर येऊ लागला. या मनोऱ्यांतील मुलांवर गोंगाटाचा होणारा परिणाम कोएन, ग्लास व सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासला. खालच्या, अधिक गोंगाटाच्या मजल्यांवर राहणाऱ्या मुलांची वाचनक्षमता वरच्या मजल्यांवरील मुलांपेक्षा कमी असल्याचा त्यांचा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धवट आच्छादन हे प्रसंगी आच्छादन नसण्यापेक्षा अधिक त्रासाचे ठरते, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

सिअ‍ॅटल येथे लॉरेन्स हॅलप्रिन (१९१६–२००९) या भूदृश्य-वास्तुशिल्पज्ञाच्या संस्थेने आखलेले फ्रीवे पार्क १९७६ मध्ये महामार्गावरच खुले झाले. त्यात वाहनांचा आवाज लपविण्यासाठी कृत्रिम धबधबे योजले होते. आवाजावर असा दुसरा आवाज घालता येतो, धुरावर तसा उपाय नाही. बॉस्टनमध्ये १९५९ पासून शहराच्या मध्यातून जाणारा उन्नत महामार्ग पाडून तो भूमिगत करण्याचे काम १९९१ ते २००७ या काळात झाले. त्यामुळे शहरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सु. १२ टक्क्यांनी घटल्याचे प्रकल्पाच्या शासकीय लेखाजोख्यात नमूद आहे. मात्र याच काळात मोटारींची एंजिनेही अधिक स्वच्छ होत गेली होती. अशा आकड्यांतील छताचा वाटा किती आणि एंजिनाचा किती, हे वेगळे करणे सोपे नसते.

माद्रिद येथे मांझानारेस नदीकाठचा एम-३० हा वळणमार्ग २००४ ते २००७ या काळात जमिनीखाली नेऊन वर विस्तीर्ण उद्यान करण्यात आले. हँबर्ग येथे ए-७ महामार्गाच्या तीन भागांवर छत घालण्याचे काम हाती घेण्यात आले; तेथे गोंगाट हे मुख्य कारण होते. सोलमध्ये उलट मार्ग पत्करण्यात आला. चोंग्येचॉन ओढ्यावर घातलेला रस्ता व त्यावरील उन्नत महामार्ग २००३ ते २००५ या काळात काढून टाकून ओढाच मोकळा करण्यात आला.

बाहेरच्या हवेचा वाद सर्वांत तीव्र झाला तो सिडनीत. तेथील सु. ४ किमी. लांबीचा एम-५ ईस्ट बोगदा २००१ मध्ये सुरू झाला. मुखातून धूर सोडायचा नाही, असे ठरवून सर्व हवा एका मनोऱ्यातून बाहेर काढण्यात आली. मनोऱ्याच्या आसपासच्या रहिवाशांनी प्रदीर्घ काळ गाळणयंत्रणेची मागणी केली. टोकिओने हा खर्च पत्करला. तेथील १८·२ किमी. लांबीचा यामाते बोगदा २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वायुवीजन-केंद्रांत स्थिरविद्युत् अवक्षेपकांनी कण पकडण्याची व नायट्रोजन डाय-ऑक्साइड काढून घेण्याची सोय असून उरलेली हवा उंच मनोऱ्यांतून सोडली जाते. प्रवाशाच्या जोडीने शेजाऱ्याचाही विचार आराखड्यात येण्यास हॉलंड बोगद्यापासून जवळजवळ नऊ दशके लागली.

मुंबई : मुंबईच्या हवेचा आरंभीचा प्रश्न गिरण्या, रसायनोद्योग व तेलशुद्धीकरण यांच्या धुराचा होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. १९७० नंतरच्या दशकात के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर, खार इ. भागांतील रहिवाशांच्या श्वसनविकारांची हवेच्या प्रदूषणाशी सांगड घालणारे अभ्यास केले. १९८० नंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि वाहनांचा वाटा वाढला. शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये महानगरांत आले व २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. धुराने त्रस्त नागरिकांच्या एका मंचाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर नेण्यात आल्या. भारत-६ मानके एप्रिल २०२० पासून लागू झाली. यामुळे एकेका वाहनाचा धूर घटला, परंतु वाहनांची संख्या वाढतच राहिली.

रस्त्यांच्या बाबतीत मुंबईने प्रथम वर चढण्याचा मार्ग स्वीकारला. १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नर येथे शहरातील पहिला उड्डाणपूल झाला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची १९९६ मध्ये स्थापना झाल्यावर थोड्याच वर्षांत अनेक उड्डाणपूल उभे राहिले. त्यांतील जे. जे. रुग्णालयाजवळून निघून महंमद अली मार्गावरून जाणारा सु. २·४ किमी. लांबीचा पूल २००२ मध्ये, तर लालबागचा पूल २०११ मध्ये खुला झाला. महंमद अली मार्गाच्या दोन्ही बाजूंस दुकाने व त्यांवर दाटीची जुनी घरे आहेत. पुलामुळे दूरच्या वाहनांचा वेळ वाचला. परंतु खालच्या रस्त्यावरील वाहतूक संपली नाही व तिच्यावर छत आले. दोन्ही बाजूंस इमारतींच्या भिंती व वर पुलाचा तळ अशा अरुंद घळीत धूर वर निघून जाण्यास अडथळा होतो. पुलाच्या पातळीवरील खिडक्यांना वरच्या वाहनांचा धूर लागतो, तर पदपथावरील विक्रेते, हमाल व पादचारी यांना खालच्या वाहनांचा.

उड्डाणपुलांखालील जागांवर पुढे वाहनतळ, चौक्या, क्वचित उद्याने करण्यात आली. माटुंगा येथे डॉ. आंबेडकर मार्गावरील तुळपुळे उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये नानालाल डी. मेहता उद्यान झाले. पुलाखालची ओसाड, कचऱ्याने भरणारी जागा त्यामुळे नांदती झाली व नागरिकांनी तिचे स्वागत केले. उद्यानांची चणचण असलेल्या शहरात हे स्वाभाविकच होते. तथापि सिअ‍ॅटलच्या उद्यानाशी तुलना करता फरक ध्यानात येतो. तेथे रस्ता छताखाली व माणसे छतावर आहेत. येथे रस्ता छतावर व बाजूंस, आणि माणसे छताखाली फिरतात. चालण्याच्या व्यायामात श्वसनाचा वेग वाढतो, म्हणून अशा जागी सकाळ-संध्याकाळच्या वर्दळीच्या वेळी हवेचे नियमित मापन होणे अगत्याचे ठरते.

बोगद्यांचे पर्व त्यानंतरचे आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या पूर्व मुक्तमार्गावर आणिक–पांजरापोळ भागात सु. अर्धा किमी. लांबीचे जुळे बोगदे आहेत. मुंबई किनारी रस्त्याचा प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा भाग मलबार टेकडीखालून सु. २·०७ किमी. लांबीच्या जुळ्या बोगद्यांतून जातो. ते 'मावळा' नावाच्या वेधनयंत्राने पाडण्यात आले. दक्षिणेकडे जाणारा बोगदा मार्च २०२४ मध्ये व उत्तरेकडे जाणारा जून २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. यात साकार्दो वायुवीजन-पद्धती वापरली आहे. मार्को साकार्दो या इटालियन अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, ॲपेनाइन पर्वतातील रेल्वे बोगद्यातून वाफेच्या एंजिनांचा धूर घालविण्यासाठी योजली होती. मुखाशी असलेल्या प्रोथातून मोठ्या वेगाने आत सोडलेली हवा आपल्याबरोबर बोगद्यातील हवा ओढून नेते व आग लागल्यास धूर एका दिशेने रेटते. ही पद्धती मूलतः अनुदैर्घ्य आहे. किनारी रस्त्यावर मालमोटारी, तीनचाकी व दुचाकी यांना मनाई असल्याने डीझेलच्या जड वाहनांचा धूर यात नाही, ही या बोगद्याच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू होय. समुद्र जवळ असल्याने वाराही मिळतो. मात्र दिवसा खारे वारे जमिनीकडे वाहतात. म्हणजे वाहतूक भरात असतानाच मुखाशी आलेली हवा वस्तीकडे वळते. हिवाळ्यात वारा मंदावतो आणि पहाटे तापमानाच्या व्यस्तनामुळे जमिनीलगतची हवा वर चढत नाही, तेव्हा विरळ होण्याची क्रिया सर्वांत कमी असते.

यापेक्षा मोठे बोगदे पुढे आहेत. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून सु. ४·७ किमी. लांबीचे जुळे बोगदे आणि चित्रनगरीच्या परिसरात सु. १·६ किमी. लांबीचा पेटी-बोगदा आहे. याच उद्यानाखालून ठाणे–बोरिवली हा सु. १०·२५ किमी. लांबीचा जुळा बोगदा जाणार असून त्याचे पश्चिमेकडील मुख मागाठाणे येथे, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. या दोन्ही कामांचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. दक्षिण मुंबईत ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. राष्ट्रीय उद्यानाखालून रस्ता नेण्यात झाडांचा व वन्य प्राण्यांचा बचाव आहे, हे निर्विवाद. परंतु घोडबंदरमार्गे वळसा घेणाऱ्या वाहनांचा धूर ज्या मार्गावर आज विखुरतो, त्याचा एक भाग उद्या बोगद्याच्या दोन टोकांशी येईल. त्या टोकांशी वस्ती आहे.

मीरा-भाईंदर : मुंबईच्या उत्तर सीमेवरील हे शहर मिठागरे, शेती व मासेमारी यांच्या जागी वाढले. १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८ लाखांवर होती. मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग शहराच्या पूर्वेकडून काशीमिरा येथून जातो. दहिसरच्या पथकर नाक्यावर वाहनांच्या रांगा हा येथील नित्याचा अनुभव होता. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर पथकर माफ झाला. काशीमिऱ्याहून भाईंदरकडे जाणारा मीरा-भाईंदर रस्ता ही शहराची मुख्य धमनी होय. बेव्हर्ली पार्क, कनाकिया इ. नव्या वसाहती याच रस्त्याच्या परिसरात आहेत.

या रस्त्यावर मेट्रो मार्ग-९ चे (दहिसर–मीरा-भाईंदर) काम २०१९ मध्ये सुरू झाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने येथे दुमजली रचना स्वीकारली. त्याच खांबांवर सर्वांत वर मेट्रो, काही टप्प्यांत तिच्याखाली उड्डाणपूल व त्याखाली मूळ रस्ता, असे तीन थर त्यात आहेत. जमीन कमी लागते, खांबांचा दुहेरी उपयोग होतो व खर्च वाचतो, हे या रचनेचे गुण उघड आहेत. शिवाय मेट्रोने प्रवासी रस्त्यावरून वर गेले तर वाहनेच कमी होतील, हा हवेच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ ठरू शकतो. तरीही खालच्या रस्त्यापुरते पाहता येथे चौथ्या प्रकारचे आच्छादन पडले आहे व तेही दुहेरी. बसची वाट पाहणारे, रिक्षाचालक, फेरीवाले व रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले या छताखाली असतात. बांधकामाच्या वर्षांत धुळीचा त्रास सर्वांना दिसला. काम संपल्यावरचा धूर तितका दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. मालाड ते चारकोप यांदरम्यान जुळे बोगदे असलेला वर्सोवा–दहिसर किनारी रस्ता व त्याचा भाईंदरपर्यंतचा जोडरस्ता पूर्ण झाल्यावर या शहरातील वाहतुकीचे प्रवाह पुन्हा बदलतील.

मूल्यमापन : आच्छादनाचा परिणाम ठरविताना तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली, एकूण धूर घटला की केवळ हलला. वाहनांची संख्या व इंधन बदलले नाही, तर छतामुळे एकूण धुरात फरक पडत नाही. तो घटतो तो कोंडी कमी झाल्यामुळे, आणि नव्या रस्त्याने नवी वाहने ओढून आणली, तर तो लाभही टिकत नाही. दुसरी, धूर हलून कोणाकडे गेला. बोगद्याचे मुख किंवा मनोरा कोणाच्या शेजारी येतो, हा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच नगरनियोजनाचा व न्यायाचा आहे. तिसरी, मापन कोठे केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार २·५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्मकणांची वार्षिक मर्यादा दर घन मीटरला ४० मायक्रोग्रॅम व २४ तासांची ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली वार्षिक पातळी ५ मायक्रोग्रॅम आहे. ही मानके जेथे माणूस श्वास घेतो तेथे लागू करावयाची असतात. शहराच्या सरासरीत मुखाजवळची किंवा पुलाखालची हवा दिसून येत नाही.

यावरचे उपाय ज्ञात आहेत. लांब बोगद्यांत मुखापूर्वी हवा शोषून ती उंचावर सोडणे, मुखालगत शाळा, रुग्णालये व नवी निवासी बांधकामे टाळणे, बोगद्यातून जड डीझेल वाहनांस मर्यादा घालणे, उन्नत मार्गांचे तळ शक्य तितके उंच व अरुंद ठेवणे, बसथांबे व पदपथ छताखालून बाहेर काढणे आणि काम सुरू होण्यापूर्वी व पूर्ण झाल्यानंतर त्याच ठिकाणी हवा मोजून आकडे प्रसिद्ध करणे, हे त्यांतील प्रमुख होत. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे व त्यावाचून इतरांची निवड आंधळी राहते. १९२४ मध्ये पिट्सबर्गला बोगद्यात माणसे कोसळली, तेव्हा दोष कोठे आहे हे त्याच दिवशी कळले. मुखापाशी किंवा पुलाखाली वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांतील बदल मंद असतो व त्याची एका दिवसाची तारीख सांगता येत नाही. आच्छादित महामार्गांच्या इतिहासात प्रवाशाची काळजी प्रथम व शेजाऱ्याची फार उशिरा घेतली गेली, याचे मुख्य कारण हेच आहे. मुंबई महानगर प्रदेशात पुढील मोठ्या बोगद्यांची मुखे अद्याप पूर्ण झालेली नसल्याने, हा क्रम बदलण्याची संधी येथे शिल्लक आहे.